एकोणतीस आणि तीस

पेन ड्राइव्ह लावला की खिडकी म्हणते : कृपया डिस्क घाला.
घातलेलीच आहे की, बाई!
शून्य बाइट. म्हणजे घर आहे, दाराला कडी आहे,
आतलं कुणी हाकेला ओ देत नाही.

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागं, जिन्याखालचं माझं दुकान.
समोर बाबालाल शिकलगार, ऐन मे महिन्यात मफलर गुंडाळून,
मफलरखाली ऑपरेशनचे टाके.
तीस वर्षं रिक्षाला भोंगा बांधून
बोळाबोळातनं पुकारत हिंडलेला माणूस
खिशातली वही काढून लिहितो :
हुईल का?

टूल उघडलं. कंट्रोलर ओळखीचा निघाला,
त्याचं फर्मवेअर मागंच उतरवून ठेवलेलं.
स्टार्ट दाबलं तर चार मिनिटांत ड्राइव्ह कोरा करकरीत,
पण कोरा म्हणजे कोराच, चाचा.
त्यांनी लिहिलं : कोरा दोनशेला मिळतोय.

मग टोपण काढलं, भिंग लावलं,
मेमरीच्या चिपचे पाय मोजत गेले.
एकोणतीस आणि तीस.
सुईनं दोघांना जोडून धरायचं आणि त्याच घटकेला ड्राइव्ह खोचायचा.
कंट्रोलर शिकलेलं सगळं विसरतो,
जन्मल्या वेळेला जाऊन बसतो,
तिथं त्याला नव्यानं सांगायचं, तू कोण ते.
त्याआधी 'पुसून टाका'च्या चौकोनातली टिक काढायची.
मी ती दोनदा तपासली.
सुई शेजारच्या रझियाकडची, फॉल-पिकोची.

तीनदा काही नाही.
चौथ्यांदा दिवा लुकलुकला.
एकेचाळीस फायली, नावांच्या जागी नुसते चौकोन.
साड्यांचा सेल, सर्कस, हरवलेली म्हैस,
कुणाकुणाचा विजयी मेळावा,
ते वहीत आठवून लिहीत होते, मी एकेक दाबत होते.
चाळीस उघडल्याच नाहीत.

एक उघडली.
फुटक्या स्पीकरातनं खर्जातला आवाज आला,
शब्दाचं शेपूट लांबवणारा :
"किल्ला भागातल्या नागरिकांनोऽ,
उद्या मंगळवारी नळाला पाणी येणार नाहीऽ"
चाचांचे ओठ हलत होते,
आवाजाच्या केसभर आधी.

पुन्हा लाव, अशी खूण.
दुसऱ्यांदा लावलं तेव्हा
बाहेर मगदूम टपरीवाल्यानं चहाचं पातेलं उतरवलं
आणि घाईघाईनं बादल्या नळाखाली मांडल्या.

मी सांगायला उठले, की अहो, हे जुनं आहे,
कुठल्या सालातला मंगळवार कुणास ठाऊक.
शिकलगारांनी माझी बाही धरली.
वहीत लिहिलं :
भरू दे.