पूर्वेकडची बाजू

हे कॉलेज मी पाहिलेलं आहे.
वरून.
एकोणीस वर्षांचा होतो. दोन उन्हाळे
यांच्या ग्रंथालयाच्या छपरावर
स्लेटच्या फरश्या ठोकल्या तांब्याच्या खिळ्यांनी.
खाली हिरवळीवर मुलं असायची.
एकाचाही चेहरा आठवत नाही,
फक्त भांग आठवतात.

आज पहिल्यांदाच खालून बघतोय.
शर्टावर माझ्या नावाची चिठ्ठी, हातात गुळगुळीत फोल्डर,
आणि टेक्ला दहा पावलं पुढे,
मी तिचा कुणी नसल्यासारखी.

आम्हाला हिंडवणारा पोरगा, कोल्टन, उलटा चालतो.
पायऱ्या चुकवतो, सायकली चुकवतो,
मागे वळून न बघता;
तोंड आमच्याकडे, हसू आमच्याकडे.
शिकवतात म्हणे त्यांना हे.
मला कुणी शिकवलं नव्हतं
तरी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत
मीही असाच चाललोय एके काळी,
दोन्ही हात पुढे करून,
ये, ये, नाही पडत तू.
माझ्या पाठीमागे काय आहे
ते तिलाच आधी दिसायचं.

एका बापाने विचारलं, सहा महिन्यांत किती जणांना नोकरी लागते.
मोत्यांचे डूल घातलेल्या बाईने
शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल तीनदा विचारलं.
मला विचारायचं होतं, पन्हाळी हल्ली कोण साफ करतं.
पण मी तोंड उघडायच्या आतच
टेक्लाची मान लाल झाली होती.

फीचा आकडा शेवटच्या पानावर आहे,
बारीक अक्षरात;
आम्ही कोटेशनमध्ये
भंगार उचलायचे पैसे लिहितो तसा.

ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
दोन कपाटांच्या मध्ये एक पिवळी बादली.
छतावर चहाच्या डागासारखं वर्तुळ.
‘ही आमची सर्वांत जुनी परंपरा,’ कोल्टन म्हणाला.
सगळे हसले.
माझ्या पोटात खड्डा.
खिडकीतून घड्याळाचा मनोरा शोधला,
ऊन कुठून येतंय ते पाहिलं, मनात शिडी लावली,
चढलो, मोजलं.
‘पश्चिम,’ मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.
‘ही बाजू लेस्टरच्या टोळीकडे होती. आमची पूर्वेची.’

कुणाला काही कळलं नाही.
डूलवाली बाई माझ्या बुटांकडे बघत राहिली.
टेक्ला मात्र वळली,
सकाळपासून पहिल्यांदा.

परतताना डावीकडे सरोवर, राखाडी, बिनलाटांचं.
ॲश्टाब्युलाच्या पुढे पेट्रोल भरलं.
तिने चिप्सचं पाकीट फोडलं.
‘तू कधी सांगितलं नाहीस.’
काय सांगायचं? आत कधी गेलोच नव्हतो.
पाणीसुद्धा शिडी उतरून, मागच्या नळाला.

‘मला नाही जायचं तिथे,’ ती काचेला म्हणाली.
‘फार हसतात सगळे.’

मी तो बारीक अक्षरातला आकडा
आठवला, आणि खांदे सैल झाले माझे,
मग त्या सैल झाल्याची इतकी लाज वाटली
की रेडिओ लावला. मग बंद केला.

पेनसिल्व्हेनियाची पाटी गेली.
‘पूर्वेला काय दिसायचं?’

खिडकी होती एक, म्हटलं, छपरातून डोकावणारी.
एकदा तिच्या आत एक मुलगी,
उघड्या पुस्तकावर गाल टेकून झोपलेली.
तुझ्याएवढीच असेल. तोंडाशी कागद ओला झालेला.
आम्ही चौघांनी हातोडे खाली ठेवले.
तासभर.
मुकादमाला सांगितलं, खिळे संपलेत.

टेक्ला काही बोलली नाही.
पायाशी पडलेलं फोल्डर उचललं,
बोटांचं मीठ जीन्सला पुसलं,
आणि शेवटचं पान अंगठ्याखाली दाबून धरून
बाकीची उलटू लागली.