दोन बादल्या रक्त

सिनेमावाले देवगडला उतरले
तेव्हा त्यांच्याकडे कॅमेरा होता, भाड्याचा जनरेटर,
हिरो म्हणून कुणाचा तरी मेव्हणा,
आणि रक्ताचा डबा एसटीच्या टपावर सांडलेला.

कुणीतरी माझं घर दाखवलं.
मी दरवर्षी आगळ काढायचे, रातांबे फोडून, मीठ लावून.
म्हटलं, किती होया?
दोन बादल्या, म्हणाले. सात खून आहेत.

काळा गूळ घातला, दाट व्हावं म्हणून.
डायरेक्टरनं बोट बुडवून चाटलं.
शेजारच्या पोरांनी भातावर मागितलं.

गोष्टीत आधी हडळ होती.
चूल धुमसत होती, ढवळायला वेळ लागत होता,
मी बोलत गेले, तो लिहीत गेला.
हडळ गेली. आता बर्फाच्या कारखान्यात
पट्ट्यात पदर अडकून एक मुलगी मरते,
मालक चौकीवर सुरमई पाठवतो,
आणि भाऊ तोंडाला जाळं गुंडाळून
कोयता घेतो.

सुगंधा खवणेकरचं नाव मी सांगितलं नव्हतं.
तिला भाऊही नव्हता.
शूटिंगला कारखाना दिला गणूशेट तारकरांनी, फुकट,
सुरुवातीला हात जोडलेला फोटो दाखवायच्या अटीवर.

दिवाळीनंतर जेटीवर, माशांच्या क्रेटवर टीव्ही ठेवला.
सहा खुनांना शिट्ट्या पडल्या.
पाचव्याला कोयता वाकला, रबराचा,
तरी पडल्या.
सातव्याला कुणी शिट्टी वाजवली नाही.
गणूशेट पुढे खुर्चीत, शेंगा सोलत.
हसले. "मेलो माझ्यासारकोच दिसता."
मग सोलण्याचा आवाजही थांबला.

मागून सुगंधाची आई म्हणाली,
"परत लाव रे."
पोरानं बटण दाबलं.
माझं आगळ लादीवरून सरपटत
मालकाच्या गळ्यात परत गेलं,
तो उठला, मागे मागे चालत खुर्चीत बसला,
आणि पुन्हा मेला.
"परत."

तीनदा. गणूशेट उठू शकले असते.
सगळे वाटेत बसले होते, एवढंच.

नंतर काही झालं नाही.
कारखाना चालू आहे, गणूशेटना साखर झाली आहे,
हिरो म्हणे ठाण्याला रिक्षा चालवतो.
माझे पैसे आले नाहीत. बादल्या आल्या,
एकीची कडी तुटलेली.

लादीवरचा डाग सोड्यानं घासला, राखेनं घासला,
निघाला नाही. आगळच ते.
सुगंधाच्या वेळी एक बादली पाणी पुरलं होतं.

मे महिन्यात तिची आई येते.
ओटीवर बसत नाही.
बादलीत वाकून बघते,
आणि काही न मागता जाते.