पलीकडच्या काठाला

रिओनीच्या अलीकडे म्झेकालाचं घर,
पलीकडे उतारावर उशांगी आणि त्याच्या गाई.
मधे नदी, बर्फ वितळल्यापासून तोंड न मिटणारी.

राचाच्या डोंगरात मी यंत्र घेऊन गेले होते,
माणूस ओरडतो तेव्हा शब्दाचं काय होतं
ते मोजायला.
मोज, म्हणाली म्झेकाला,
आणि कठड्याला पोट टेकवून तिने हाक मारली.

काटा तांबड्यात जाऊन आपटला.
जबडा इतका खाली
की इ चा ए झाला, ए चा जवळजवळ आ,
आणि आ तर संपेचना,
समोरच्या कड्यावर जाऊन बसला
तरी इकडे चालूच.

तिकडून उत्तर आलं: ए... आ... आ...
तिच्या नावाचं एवढंच उरलं होतं.
पहिला म गळालेला.
बरोबरच आहे,
मिटल्या ओठांनी कुणाला हाक मारता येत नाही.
माझ्या लिपीत मी त्या म चा नुसता पाय मोडते,
उशांगी त्याला अख्खाच नदीत सोडतो,
गेली पन्नास वर्षं.

"दातांतलं नदीला," ती म्हणाली,
"घशातलं तेवढं त्याला."

मग पुरीची गोष्ट.
त्यांच्याकडे पुरी म्हणजे भाकर,
आणि प सोडताना थोडी फुंकर जास्त गेली
की गाय.
अंगणात हे शेंबड्या पोरालाही कळतं.
काठावरून नाही.
एका संध्याकाळी तो ओरडला, हिने ऐकलं भाकर.
फडक्यात बांधून मुलाच्या हाती दिली,
म्हणाली, पुलावरून सावकाश जा.
गाय घळीत लोंबकळत होती.
मुलगा पोचला तेव्हा
उशांगीचे तळहात सोललेले, आणि कासरा नव्हता.

"मग?"
"मग काय. भाकर गरम होती. दोघांनी खाल्ली."

दिवेलागणीला तो पूल ओलांडून आला,
बूट काढले, ताटाशी बसला.
यंत्र मी गुंडाळून ठेवलं होतं.
मीठ हवं होतं त्याला.
ओठ मिटले, क्षणभर मिटलेलेच राहिले,
आणि अगदी हळू, पहिल्या अक्षरापासून सबंध
तो म्हणाला: म्झेकाला.

तिने हात कानामागे नेला
आणि भिंती हलतील एवढ्याने ओरडली:
आ?