विश्रांतीचा दिवस

रविवारी बोगोटात मोटारींना रस्ते बंद असतात,
म्हणून पहाटेचा पाव भट्टीतून निघाला की
अंगावरचं पीठ न झटकताच मी बाहेर पडतो.
सायकल मेव्हण्याची, लोखंडी. तिसरा गिअर पडतच नाही,
दुसऱ्यावरून एकदम चौथ्यावर,
मेव्हणा बोलता बोलता रागावर जायचा, तशी.

तळ्याच्या बागेत, निलगिरीच्या वळणावर
दोन पाठी दिसल्या.
नुसत्या पाठी. पण ओळखल्या मी;
दुकानातल्या टीव्हीवर किती वर्षं बघतोय त्या
घाटात, धुक्यात, मागून.
लुसेरो तुन्हो. आणि तिच्यासाठी वारा अडवणारी
उंच, अबोल ओदिलिया.

पोटात गोळा आला. पण पायांना कोण सांगणार?
ते आपले पायडल मारतच राहिले
आणि मी त्यांच्या पुढे गेलो.

पुढे!
मी, आर्सेनियो बाउतिस्ता, वय त्रेपन्न,
गुडघे कुरकुरणारा पाववाला,
देशातल्या सर्वांत वेगवान बाईला
डावीकडून ओलांडून गेलो, वर घंटी वाजवून.
सवयीने वाजली. देवा.

आता थांबावं तर आगाऊपणा,
पळावं तर त्याहून मोठा.
जीव खाऊन अख्खी फेरी मारली,
बदकं, कणसं भाजणारी बाई, कुणाचा तरी सुटलेला कुत्रा,
आणि पुन्हा त्या दोघी समोर. तितक्याच सावकाश.

"परत तुम्हीच?" लुसेरो म्हणाली.
"जा हो पुढे. आज आम्हाला विश्रांती.
पाय फिरवायचे, दमायचं नाही, असा हुकूम आहे."

इतकं हळू मला जमेना. हँडल लटपटायला लागलं.
विचारायचं कितीतरी होतं:
शेवटच्या चढावर डोळ्यांना काय दिसतं,
उतारावर भीती कुठे ठेवता.
त्या बोलत होत्या गॅसच्या सिलिंडरबद्दल,
ओदिलियाच्या आईच्या मोतीबिंदूबद्दल.
माझ्या तोंडून निघालं ते एवढंच:
"तुम्ही उतारावर पडलात ना, त्या दिवशी
माझे दोन ट्रे करपले."

थोडा वेळ फक्त साखळ्यांचा आवाज.
मग तिने कोपर वळवून दाखवलं,
कातडी तिथे पावाच्या वरच्या पापुद्र्यासारखी.
"भरपाई मागताय?"
"छे. चीज घातलेला मक्याचा पाव करतो मी. खायला या."
"गुरुवारी येते," ती म्हणाली.
पत्ता विचारला नाही. मीही सांगितला नाही,
सुचलंच नाही.

पुलाच्या चढावर माझा श्वास भरला
तेव्हा ओदिलियाने, एक शब्द न बोलता,
तळहात पाठीला लावून मला लोटलं,
अर्धवट उघडं दार लोटतात, इतकंच.

सोमवारी पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं.
यिमी, माझा मदतनीस पोरगा, सारखा फडकं उचलून बघतो.
"हात लावू नकोस," म्हटलं,
"त्याला आज विश्रांती आहे."

गुरुवारी चार पाव बाजूला काढले.
रात्री फळी लावताना यिमीने आणि मी खाल्ले, दोन दोन.
गार झाले होते.
मीठ किंचित जास्त, पण चांगले झाले होते.