केसालाही धक्का

इस्तंबूलहून एदिर्नेला येणाऱ्या बसमध्ये
तीन तास मान ताठ धरून बसलो.
मानेवरचे बत्तीसशे केस काढून पुढे लावले होते,
नर्सने मोजून सांगितले, पावतीवर लिहून दिले.
शेजारच्या बाईने पट्टीकडे पाहून विचारलं, भाजलं का हो?
मी म्हणालो, हो.

दहा दिवस वाकायचं नाही.
बुटाची नाडी नुरहयात बांधायची,
गुडघ्यावर बसून, एक शब्द न बोलता.
तिचं न बोलणं मला सगळं ऐकू यायचं.
दोन आठवडे घाम नाही.
महिनाभर ऊन नाही, तेल नाही.
तीन महिने कुणाचा हात डोक्याला लागता कामा नये.
मी डॉक्टरला विचारलं, तेल म्हणजे किती तेल?
त्याला वाटलं, मी जेवणाचं विचारतोय.

त्याला कुठून कळावं,
पंचवीस वर्षं ऑलिव्हचं तेल अंगावर ओतून
गवतावर कुस्ती खेळलोय मी.
आपला हात पोचत नाही तिथे, पाठीवर,
समोरचाच तेल ओततो आमच्यात.
मग त्यालाच आपटायचं.

पोरं माळावर झुंजायची, मी काठाशी स्टुलावर, टोपी घालून.
उस्ताद, सर्दी झालीय? बेरकानने विचारलं.
बारा वर्षांचा आहे, डोक्यावर एवढं रान
की तेल आतच जिरतं, कानापर्यंत उतरत नाही.
क्लबच्या भिंतीवर माझा जुना फोटो आहे,
हातात पितळी घागर, कपाळावर झुलपं.
गेल्या वर्षी याच बेरकानने विचारलं होतं,
उस्ताद, हा कोण?

एकविसाव्या दिवशी उशीवर केस.
कागदावर तेही छापलं होतं: गळतील, घाबरू नये.
सत्तेचाळीसपर्यंत मोजले,
मग उशी उलटी केली.

त्याच संध्याकाळी पळालो.
तुंजाच्या काठाने, आधी दगडी पुलापर्यंत,
मग पुलापलीकडे, भोपळ्याच्या वाफ्यांपर्यंत.
मांड्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.
दम छातीत नव्हता, दातांत होता.
आणि घाम आला,
कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात,
जुन्या देणेकऱ्यासारखा, विचारत,
इतके दिवस होतास कुठे?

चौथा महिना लागला आणि रिफ्कीने शड्डू ठोकला.
रिफ्की पंचविशीतच तुळतुळीत झालेला.
त्याच्या टाळूवर तेल पडलं की
झेंड्याचा खांब त्यात वाकडा दिसतो.
माझ्या पाठीवर त्याने मगभर ओतलं,
मग डोक्यावर मग धरून थांबला.
इथे?
ओत, म्हणालो.
त्याने ओतलं, पण बारीक धारेनं,
लेकराच्या भाकरीवर ओततात तसं.

ढोल वाजत होता. मी हनुवटी छातीत खुपसून,
दोन्ही तळवे कपाळापुढे.
पोटऱ्या मोकळ्या, कंबर मोकळी,
सगळं उघडं टाकून एक डोकं सांभाळत होतो.
रिफ्कीचा पंजा मानेवर आला,
जिथलं पीक कापून नेलं होतं तिथे,
आणि तिथे न रुतता खांद्यावर घसरला.
एकदा. पुन्हा एकदा.
दया ओळखू येते, तेलातूनसुद्धा.
धर, मी ओरडलो. धर की, गाढवा!

धरलं त्याने.

आमच्याकडे पाठ टेकण्याची गरज नसते,
पोटाने आभाळ पाहिलं की माणूस हरला.
पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
एक ढग होता, उगाच.
रिफ्की वाकला, धापा टाकत म्हणाला,
केसालाही धक्का नाही ना लागला?
आधी तो हसला की मी, आठवत नाही.
पोरं मात्र आमच्याकडे बघत राहिली.

रात्री नुरहयातने तीनदा साबण लावला.
तेल सुटत नव्हतं, कानामागे गवत निघालं.
कपाळाशी तिची बोटं थांबली,
मागे गेली, परत आली.
टोचतंय, ती म्हणाली.
साडेतीन महिन्यांत या विषयावरचा
तिचा हा पहिला शब्द.