कागदाखाली

दिओलिंडा गावी आली ती
कागदाचं भेंडोळं नि कोळशाच्या कांड्या घेऊन.
उंबरे, गटाराचं झाकण, बंद बेकरीची कडी,
वर कागद धरायचा, घासायचं.
पोरं नाण्यावर पेन्सिल घासतात, तसं.

सार्डिनच्या कारखान्याचं हॉटेल झालंय.
पाहुणे विचारतात, वास कसला येतो.
भिंत गुळगुळीत. काही उमटेना,
कागद नुसता काळा.

अटलांटिककडे पाठ करून
बाकावर उंबेलिना बसलेली.
एकतीस वर्षं तिनं इथंच डबे भरले.
"नवा गिलावा आहे गं तो," म्हणाली
आणि हात सरकवला कागदाखाली.
"हं. घास."

चार बोटं उमटली.
पाचवं अर्धंच.

उरलेल्या अर्ध्याच्या जागी
दिओलिंडा
घासतच राहिली बराच वेळ.