गहाळ पान

वर्नाच्या मागे उरली सदतीस पुस्तकं.
प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर एक केक, एक मांजर,
आणि आत तिसाव्या पानाच्या आत एक मुडदा.
मी हसायचो, "एवढ्याशा गावात इतके खून?
आपल्याकडे तर माणसं कंटाळूनच मरतात."
ती डोकं वर न काढता म्हणायची,
"कॉफी निवतेय, ऑर्विल."

आता मी ती बर्फ सारायच्या ट्रकमध्ये वाचतो.
सुपीरिअर सरोवरावरून वादळ येणार असतं, येत नाही.
काउंटीचा रेडिओ खरखरतो,
हीटर फक्त डाव्या पायाला ऊब देतो.

गोष्ट साधीच.
बंदरावर बेकरी आहे मिसेस टिबेटची.
वेलदोड्याच्या पावाच्या स्पर्धेचा परीक्षक
तिच्याच काउंटरवर कोसळतो, घास अर्धा तोंडात.
पोलीस दारोदार विचारतात, "रात्री नऊला कुठे होतात?"
ती विचारते, "जेवलात का?"
आणि लोक तिच्यापाशी सगळं ओकतात.

मी अठ्ठावीस हिवाळे घरात शिरताना विचारलं,
"जेवायला काय आहे?"
शब्द जवळपास तेच.
फरक कळायला एक मुडदा पडावा लागला.
कागदावरचाच म्हणतोय मी.

वर्ना समासात पेन्सिलीने लिहायची.
"हिने मीठ घातलंच नाही."
"एवढ्या लोण्यात? शक्य नाही."
चौसष्टाव्या पानावर, औषधवाल्याच्या नावापाशी:
"हाच. पीठ मळल्याचं सांगतो, नखं बघा."
म्हणजे चौसष्टलाच कळलं होतं तिला,
तरी दोनशे सत्तरपर्यंत वाचत गेली.
खुनी सापडला म्हणून
पीठ काही लवकर फुगत नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर काहीच घडत नाही.
मिसेस टिबेट दोघांच्या टेबलावर एकटी सूप पिते,
नवरा शेजारच्या खोलीत बातम्या ऐकतोय.
तिथे समासात एक उभी रेघ.
शब्द नाही.
त्या रेघेसाठी मी इंजिन बंद केलं.

आणि मग एकशे अकरा-बारा हे पान गहाळ.
खुनी जागेवर, पुरावे जागेवर,
फक्त पावाची कृती गेलेली.
पट्टी लावून सरळ फाडलेली, म्हणजे काम वर्नाचंच,
जी पानाचा कोपराही दुमडू द्यायची नाही.
कुणासाठी फाडलं असेल?

मी टिबेटबाईंसारखा विचार करू लागलो.
गावात वेलदोडे कोण कोण आणतं?
शेजारची तोयनी किव्हेला.
तीन वर्षांपूर्वी माझ्या ट्रकने तिची टपालपेटी गाडली,
तिने काउंटीला पत्र लिहिलं,
आणि तेव्हापासून तिच्या फाटकापाशी
माझं पातं जरासं तिरकं व्हायचं. जरासंच.

वर्नाला पुरून आलो त्या संध्याकाळी
पायरीवर एक पाव होता, वेणी घातलेला, वर भरड साखर.
चिठ्ठी नाही. मला वाटलं, चर्चमधून आला असेल.
मी तो उभ्या उभ्या संपवला.
पुस्तकांत हे नेहमीच होतं,
पुरावा सगळ्यांच्या समोर ताटात असतो
आणि कुणीतरी मूर्ख तो खातो.

वादळ अखेर चारला आलं.
हमरस्ता केला, शाळेचा उतार केला,
तिच्या फाटकापाशी पातं उचललं,
फावडं घेऊन उतरलो.
टपालपेटी सापडायला वीस मिनिटं लागली.

शेवटचं प्रकरण अजून वाचायचं आहे.
औषधवालाच असेल. वर्ना चुकायची नाही.

स्वयंपाकघरात दिवा लागला, दार उघडलं.
अंगावर रजई, पायात दोन वेगवेगळे मोजे.
तीन वर्षांचं बोलणं मनात रचून ठेवलं होतं मी,
तोंडातून निघालं, "जेवलात का?"

पहाटे साडेपाचला.
संशयिताकडे बघावं तसं ती बघत राहिली,
माझ्याकडे, फावड्याकडे, पेटीकडे.
मग म्हणाली,
"बूट बाहेर काढा."